सहाव्या मजल्यावरचं सरबत

एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. उकळायचं, गार करायचं, बाटलीत भरायचं आणि बाल्कनीत टांगायचं. हमिंगबर्ड येतो, पितो, जातो. दुकानदाराने मला एवढंच सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या 'येतो'ला किती दिवस लागतात आणि तोवर दुसरं कोण कोण येतं, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मला पक्ष्यांचं वेड नाही, हे आधीच सांगून टाकतो. जन्मभर मी नोटरीच्या कचेरीत बसून लोकांच्या सह्या खऱ्या की खोट्या हे बघितलं आणि शिक्के मारले. निवृत्त माणसाने शांत बसून पक्षी बघावेत असं आमचे डॉक्टर सांगतात, पण मला शांत बसवत नाही. बसलो की पाय हलतो, पाय हलला की बायको चिडते, म्हणून मी उठतो. बाटली टांगावी लागली ती सासूबाईंमुळे.

सासूबाई, म्हणजे दोना जांदिरा (आमच्याकडे बायकांना मानाने दोना म्हणतात), मार्चमध्ये, आमच्याकडचा उन्हाळा संपताना, गावाकडचं घर विकून आमच्याकडे राहायला आल्या. तसं पाहिलं तर आम्हीच त्यांच्याकडे राहतो, कारण हा फ्लॅट सासऱ्यांनी घेतलेला आणि त्यांच्यामागे सासूबाईंच्या नावावर आहे. पण घरात त्या वावरत होत्या पाहुण्यासारख्या. सकाळी बाल्कनीतल्या खुर्चीत बसायच्या, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. कॉफी कशी झाली? बरी आहे. चीजचे पाव कसे झाले? बरे आहेत. मिनास म्हणजे चीजच्या पावाचं माहेर; तिथल्या बाईने त्याला नुसतं 'बरं' म्हणणं ही काळजीचीच गोष्ट आहे. खाली बागेत चला म्हटलं तर गुडघा, चर्चला चला म्हटलं तर टीव्हीवर प्रार्थना आहे. आल्यापासून त्या इमारतीच्या लिफ्टमध्येसुद्धा पुन्हा शिरल्या नव्हत्या.

आणि मे महिन्यात एका सकाळी त्या एकदम लांबलचक बोलल्या. "इथे हमिंगबर्डसुद्धा येत नाही. जिथे तो येत नाही तिथे माणसाने राहू नये. जूनअखेर संत जॉनच्या सणाला ओस्मार ट्रक घेऊन इकडे येणार आहे, मी त्याच्याबरोबर जाते."

ओस्मार हा त्यांचा भाऊ. डोंगरावर राहतो, वय झालंय, आणि त्याच्या घरापासून डॉक्टर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सासूबाईंचं हृदय तर गोळ्यांच्या भरवशावर चाललेलं. मी स्वयंपाकघरात गेलो तर इवोनी, माझी बायको, नळ सोडून रडत होती. नळ अशासाठी की आईला ऐकू जाऊ नये.

"आई गेली तर मीही जाणार," ती म्हणाली. "तिला गोळ्या कोण देणार? ओस्मारमामा स्वतःच्या गोळ्या कोंबड्यांना घालतो."

"आणि मी?"

"तिथे चौथ्या खाटेला जागा नाही. आणि तुला भात येतो."

भात मला येतो हे खरं. पण रिकाम्या घरात एकट्याने बसून तो मला खायचा नव्हता. मी बूट घातले आणि लाल प्लास्टिकच्या फुलांची बाटली घेऊन आलो.

पहिल्या दिवशी पाक बिघडला. साखर विरघळल्यावर गॅस बंद करायचा असतो, पण मी तेवढ्यात बाल्कनीत जाऊन बाटलीची जागा बघत होतो, मग दुसरी जागा बघितली, मग पुन्हा पहिली. परत आलो तोवर एकतारी, दोनतारी वगैरे सगळ्या पायऱ्या ओलांडून पातेल्यात चिक्की झाली होती. ते पातेलं इवोनीच्या आजीचं निघालं. दुसऱ्या खेपेला जमलं. बाटली टांगली, मागे सरून उभा राहिलो आणि वाट बघू लागलो.

वाट बघणं हे काम मला जमत नाही. मी दर थोड्या वेळाने बाल्कनीच्या दारात जात होतो, पडद्याआडून बघत होतो, परत येत होतो. सासूबाई बाटलीकडे बघतही नव्हत्या. इवोनी म्हणाली, "अरे, तू असा येरझाऱ्या घालशील तर पक्षी काय, कर वसूल करणारासुद्धा येणार नाही."

पहिल्यांदा मुंग्या आल्या. सहाव्या मजल्यावर मुंग्या कुठून येतात हा प्रश्न मी दरवान आन्सेल्मोला विचारला. तो मला मानाने 'सेउ', म्हणजे साहेब, म्हणतो. तो म्हणाला, "जिन्याने, सेउ वाल्देमिर. लिफ्ट त्यांना परवडत नाही." मग म्हणाला की तारेला गाडीचं ग्रीस लावा, मुंगी घसरते. मी ग्रीस लावलं. मुंगी घसरली, पण उन्हाने ग्रीसही घसरलं, आणि आमच्या बरोबर खाली पाचव्या मजल्यावर दंतवैद्य डॉक्टर तार्सिझिओ राहतात. त्यांचे पांढरे कोट बाल्कनीत वाळत होते.

डॉक्टर वर आले तेव्हा कोट हातात होता, पण ते कोटाबद्दल नाही बोलले. सभ्य माणूस. ते साखरेबद्दल बोलले.

"साखर? या वयात तुम्ही साखर वाटताय?"

"पक्ष्यासाठी आहे डॉक्टर. त्याला दात नसतात."

"दात नसतात ते कशामुळे, विचार केलाय कधी?" त्यांनी मला गोडव्याच्या थेंबांची एक बाटली दिली. साखर नाही, कॅलरी नाही, पक्षी सडपातळ राहील. आधीच बोटाएवढा पक्षी आणखी सडपातळ झाला तर दिसणार कसा, हे मी विचारणार होतो, पण कोट बघून बाटली खिशात घातली.

सल्ले तिथून सुरू झाले ते थांबेनात. कोणी म्हणालं मध घाला. कोणी म्हणालं मधाने त्याच्या जिभेला बुरशी येते, गूळ घाला. गुळानेही काहीतरी होतंच. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी लाल रंग आणून दिला आणि पहिल्या मजल्यावरच्यांनी तो विष आहे म्हणून काढून घेतला. लिफ्टमध्ये शिरलो की चार माणसं माझ्याकडे वळून एकच विचारायची, "आला का?" नोकरीत इतकी वर्षं काढली, पण इतक्या लोकांनी माझी इतकी विचारपूस कधी केली नव्हती. आणि दरवेळी मला 'नाही' म्हणावं लागत होतं.

या विचारपुशीचं कारण मला नंतर आन्सेल्मोने हळूच सांगितलं. आमच्याकडे प्राण्यांवर मटका चालतो. कायद्याने बंदी आहे, म्हणून सगळे खेळतात. शहामृगापासून गायीपर्यंत पंचवीस प्राणी, ज्याला जो स्वप्नात दिसला किंवा अचानक दारात आला, त्यावर तो पैसे लावतो. दोना जांदिरांच्या दारात हमिंगबर्ड आला की त्याच दिवशी लावायचं असं अर्ध्या इमारतीने ठरवलं होतं. अडचण एकच होती. त्या पंचवीस प्राण्यांत हमिंगबर्ड नाही. त्यामुळे त्याला कशात धरायचं यावरून दोन तट पडले होते. फुलांवर जातो म्हणून फुलपाखरू, असं एका तटाचं म्हणणं. पक्षी तो पक्षी, म्हणून गरुड, असं दुसऱ्याचं. आन्सेल्मो गरुडवाला होता. मी त्याला म्हटलं की जो पक्षी अजून आलाच नाही त्याच्यावरून भांडता कशाला. तो म्हणाला, आल्यावर भांडायला वेळ कुठे मिळणार.

मुंग्यांनंतर मधमाश्या आल्या. त्या ग्रीसला मानत नाहीत. मग एक पिवळ्या पोटाचा चिमणा पक्षी आला, थेट नळीला चोच लावून बसला आणि अर्धी बाटली पिऊन गेला. मी आनंदाने ओरडणार होतो, तर सासूबाई मान न वळवता म्हणाल्या, "तो नव्हे. हा फुकट्या आहे." नंतर तर रोज सकाळी बाटली तळापर्यंत रिकामी दिसू लागली आणि भिंतीवर चिकट शिंतोडे. मला वाटलं आता तो पहाटे येऊन जात असणार. मी आन्सेल्मोला शिंतोडे दाखवायला वर आणलं. त्याने बोट लावून वास घेतला आणि म्हणाला, "वटवाघूळ." मग थोडा विचार करून म्हणाला, "तेही पंचविसांत नाही."

सण जवळ येत होता. खालच्या चौकात पताका लागल्या, शेकोटीची लाकडं येऊन पडली. इवोनीने आईच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवल्या, आणि तिच्या स्वतःच्या लोकरी स्वेटरची घडी मला पलंगावर दिसली. मी बाटलीची जागा पुन्हा बदलली.

अशातच आरोग्य खात्याची बाई आली. डेंग्यूसाठी कुंड्यांखालच्या बशा बघायला खात्याची माणसं अधूनमधून येतात. हातात विजेरी, पाठीला पिशवी. तिने कुंड्या बघितल्या, मग बाटली बघितली.

"हे साचलेलं पाणी आहे का?"

"सरबत आहे."

"साचलेलं सरबत?"

"रोज बदलतो मी."

"मग साचलेलं नाही."

"नाही."

"पण आत्ता तर साचलेलंच दिसतंय." तिने तपासणीचा कागद काढला. त्यावर टाकी, टायर, कुंडी आणि पोहण्याचा तलाव एवढेच प्रकार होते आणि शेवटी 'इतर'. तिने 'इतर'वर खूण केली आणि सांगितलं की 'इतर' असेल तर इमारतीच्या अध्यक्षांची सही लागते.

आमच्या चेअरमनबाई म्हणजे दोना मारिलूसिया. इमारत काटकोनात वळलेली आहे, आणि त्यांची बाल्कनी वळणापलीकडे, आमच्यापेक्षा एक मजला खाली. तिथून त्यांना सगळ्यांचं सगळं दिसतं. त्यांनी कागदावर सही केली आणि मला दिली. इथे मी चूक केली. जित्याची खोड. मी सही उजेडात धरली आणि म्हणालो, "नोटीस बोर्डावरच्या तुमच्या सहीशी ही जुळत नाही. तिथला 'म' बंद आहे, हा उघडा आहे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "सेउ वाल्देमिर, इमारतीच्या दर्शनी भागावर काही टांगायला नियमाने बंदी आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच." दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर सभेची नोटीस लागली. विषय एकच: सहाव्या मजल्यावरील बाटली. खाली सही, 'म' बंद.

आमच्याकडे बाल्कनीच्या कठड्याचा रंग बदलला म्हणून माणसं कोर्टात गेली आहेत. त्यामुळे प्रकरण साधं नव्हतं. मी रात्रंदिवस भाषणाची तयारी केली. बाटली ही 'टांगलेली' आहे की 'अडकवलेली', दर्शनी भाग कुठे संपतो, पक्ष्याला कायद्यात पाहुणा म्हणता येईल का. इवोनीपुढे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण ऐकता ऐकता सण निघून जाईल." खरं तर तेच माझ्या मनात होतं. सभा लांबली तर बाटली राहील, बाटली राहिली तर एखाद वेळी तो येईल, तो आला तर दोना जांदिरा कदाचित थांबतील. माझा सगळा जीव त्या 'कदाचित'मध्ये अडकला होता.

सभा खाली पार्किंगशेजारच्या हॉलमध्ये. थर्मासमध्ये कॉफी, ताटात मक्याचा केक. मी उठलो, घसा खाकरला, कागद उघडले. दोना मारिलूसिया म्हणाल्या, "क्षमा करा, बोलायचा आणि मत द्यायचा हक्क मालकाला असतो. फ्लॅट तुमच्या नावावर आहे का?"

ज्याने हजारो लोकांच्या मालकीवर शिक्के मारले, त्याला पन्नास खुर्च्यांसमोर खाली बसवलं. डॉक्टर तार्सिझिओ सहानुभूतीने माझ्याकडे बघत होते, कोटावरचा डाग मात्र माझ्या बाजूला ठेवून. मी कागद घडी करून खिशात घातले आणि इवोनी आईला आणायला वर गेली.

आम्हाला वाटलं त्या येणार नाहीत. पण लिफ्टचं दार उघडलं आणि त्या आल्या, शाल घेऊन, इवोनीच्या हाताला धरून. पहिल्या रांगेत बसल्या. कोणीतरी त्यांना केकचा तुकडा दिला. त्यांनी एक घास घेतला, चावला, आणि विचारलं, "हा कोणी केलाय?"

"मी," दोना मारिलूसिया म्हणाल्या.

"कोरडा आहे."

हॉलमधल्या एका माणसाने कॉफीचा कप खाली ठेवला. दोना मारिलूसियांचा केक कोरडा असतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कोणी आजवर बोललेलं नव्हतं.

"कोरडा नाही, मऊसर आहे," दोना मारिलूसिया म्हणाल्या. "आमच्या आईची कृती आहे."

"मग आईने तुमच्यापासून काहीतरी लपवलं. मलई घालतात. आमच्या कुंपणापलीकडे जेरूजा होती, तिचा असाच कोरडा व्हायचा. तिलाही सांगितलं मी, जन्मभर सांगितलं, तिने कधी ऐकलं नाही."

"इथे विषय बाटलीचा आहे, दोना जांदिरा."

"बाटलीचंच बोलतेय. ज्या बाईला मलई कळत नाही तिला हमिंगबर्ड काय कळणार?"

मागून आन्सेल्मोने संधी साधली. "दोना जांदिरा, तेवढं सांगून टाका. गरुड की फुलपाखरू?"

"सभेत मटक्याचा विषय चालणार नाही," दोना मारिलूसिया कडाडल्या. "आणि त्यात विचारायचं काय आहे, फुलपाखरूच."

"फुलपाखरू?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. गुडघा वगैरे काही आडवं आलं नाही. "तो दिवसभर दुसऱ्यांना हाकलतो, छाती काढून फिरतो, आपल्या फुलाजवळ कोणाला फिरकू देत नाही. हा कोंबडा आहे. सरळसरळ कोंबडा. तुम्ही त्याला कधी जवळून बघितलाय का?"

मग जे सुरू झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. कोंबडा पंचविसांत होताच, त्यामुळे त्याचा तिसरा तट उभा राहिला. फुलपाखरूवाले खुर्च्यांवर चढले. केकची कृती दोनदा सांगितली गेली आणि दोनदा फेटाळली गेली. मत कोणी घेतलंच नाही, सभा पुढल्या गुरुवारपर्यंत तहकूब झाली. माझं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. मी सासूबाईंकडे बघत होतो. त्यांच्या गालांवर रंग चढला होता, केसांची बट सुटली होती, आणि आवाज पार्किंगमधल्या शेवटच्या गाडीपर्यंत पोचत होता. इवोनी माझा दंड धरून म्हणाली, "जेरूजा वारली जानेवारीत. आईने घर विकायला काढलं ते त्यानंतर." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. या वेळी नळ नव्हता.

मी हमिंगबर्डच्या मागे लागलो होतो. बाईंना भांडायला माणूस हवं होतं, आणि ते वळणापलीकडच्या बाल्कनीत रोज झाडांना पाणी घालत होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मलई घालून केक केला आणि आन्सेल्मोच्या हाती खाली पाठवला. ताट परत आलं, अर्धं संपलेलं, सोबत निरोप: गोड फार आहे. "गोड फार?" सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची कठड्याजवळ ओढली. तेव्हापासून सकाळची कॉफी झाली की दोन बाल्कन्यांत सुरू व्हायचं. दोना मारिलूसियांच्या तुळशीला पाणी जास्त होतं, सासूबाईंच्या शालीला वास होता, मेयोनेझच्या कोशिंबिरीत बटाटा आधी की गाजर आधी. डॉक्टर तार्सिझिओ आमच्याखाली पाचव्या मजल्यावर दारं लावून बसायचे. मी अस्वस्थपणे आतबाहेर करत होतो, कारण सण आला होता आणि त्या जाणार की नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. इवोनीचा स्वेटर तसाच पलंगावर होता.

संत जॉनच्या दिवशी सकाळीच खाली ट्रकचा हॉर्न वाजला. ओस्मारमामा. इवोनीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. सासूबाई बाल्कनीत उभ्या होत्या आणि दोना मारिलूसियांना सांगत होत्या की कलम पौर्णिमेला लावत नाहीत. पुन्हा हॉर्न वाजला. त्यांनी कठड्यावरून वाकून बघितलं.

"ओस्मार, हॉर्न वाजवू नकोस, मला ऐकू येत नाहीये. तू जा."

"जा म्हणजे?" खालून आवाज आला. "आणि तू?"

"मला कुठे वेळ आहे? गुरुवारी सभा आहे." आणि त्या परत वळल्या. "हं, तर काय म्हणत होता तुम्ही, पौर्णिमेला?"

इवोनी आत गेली. मी बाल्कनीच्या दारात तसाच उभा राहिलो, कारण माझे पाय, आयुष्यात पहिल्यांदाच, हलेनात. आणि तेव्हा माझ्या कानाजवळून काहीतरी गुणगुणत गेलं. हिरवा, गळ्याला निळी झाक, बोटाएवढा. बाटलीसमोर हवेत थांबला, मागे सरला, पुढे आला, चोच नळीत घातली.

"दोना जांदिरा," मी कुजबुजलो. "आला."

"कोण?"

"तो. तुमचा. तुमच्या मागे आहे."

त्या वळल्या नाहीत. फक्त एक हात मागे करून मला गप्प राहायची खूण केली.

"बसव त्याला जरा," त्या म्हणाल्या. "आधी या बाईचं मला संपवू दे."

मी त्याला बसवू शकलो नाही, तो आपलं पिऊन निघून गेला. सासूबाई जेवायची वेळ झाली तरी बोलतच होत्या.